स्कार्फ, नोकरी आणि लेखी कारण

नोकरीच्या ठिकाणी मुस्लीम स्त्रीने डोके झाकावे की नाही, या वादाची सुरुवात आपल्याकडे बहुधा चुकीच्या टोकाकडून होते. कुराणात हे खरोखर सांगितले आहे का, हा पहिला प्रश्न असतो. ती स्वखुशीने बांधते की घरच्यांच्या धाकाने, हा दुसरा. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत, आणि हमीद दलवाई यांनी १९७० मध्ये पुण्यात मुस्लीम सत्यशोधक मंडळ स्थापन केले तेव्हापासून निदान मराठीत तरी मुस्लीम स्त्रीच्या स्थितीविषयी मुस्लीम समाजातूनच मोकळेपणाने बोलले गेले आहे. परंतु कुपवाडच्या एमआयडीसीतल्या कारखानदाराला किंवा साताऱ्यातल्या एखाद्या शोरूमच्या व्यवस्थापकाला या प्रश्नांचा निवाडा करण्याचा अधिकार कुणी दिलेला नाही, आणि तेवढी पात्रताही त्याच्यापाशी असण्याचे कारण नाही. जे काम द्यायचे आहे ते डोक्यावर कापड असताना नीट होते की नाही, एवढेच त्याने पाहायचे आहे. होत नसेल, तर का होत नाही हे त्याने लिहून द्यावे. माझे सगळे म्हणणे या लेखी कारणाभोवती आहे.

आपल्या भागात नोकरी नाकारली जाते ती कशी, हे आधी पाहू. दुकानाच्या काचेवर ‘सेल्सगर्ल पाहिजे’ अशी चिठ्ठी असते, किंवा ओळखीतून निरोप येतो. बी.कॉम. झालेली, टॅली शिकलेली, अत्तार किंवा नदाफ आडनावाची मुलगी जाऊन भेटते. मालक घरची चौकशी करतो, पगाराचा आकडा सांगतो, आणि उठता उठता विचारतो, ‘कामाच्या वेळी हे काढाल ना?’ ती ‘नाही’ म्हणते, किंवा नुसती थांबते. त्यावर उत्तर येते, ‘बरं, कळवतो तुम्हाला.’ पुढे फोन येत नाही. या सगळ्या व्यवहारात मालक कुठेही अपशब्द वापरत नाही, धर्माचे नाव काढत नाही, आणि कदाचित तो मनाने वाईटही नसतो. तिला मात्र आपण कशासाठी नाकारले गेलो हे कधीच कळत नाही. पगार पटला नाही म्हणून, दुसरी जास्त हुशार मुलगी मिळाली म्हणून, की डोक्यावरच्या दीड मीटर कापडापायी? कारणच सांगितले गेले नाही, तर अन्याय झाला असे ती सिद्ध तरी कशी करणार, आणि अन्याय केला नाही असे मालक तरी कशाच्या आधारावर सांगणार?

एक गोष्ट इथे नोंदवलीच पाहिजे. मार्च ते मे या महिन्यांत सांगलीच्या विश्रामबाग चौकात दुपारी उभे राहिले, तर स्कूटीवरून जाणाऱ्या दहांतल्या आठ मुलींचे डोके आणि चेहरा स्कार्फने घट्ट गुंडाळलेला दिसतो. ऊन, धूळ आणि केस गळण्याची भीती, ही त्याची कारणे. त्यात कुणाला समाजाचे विघटन दिसत नाही. डोके झाकण्याविषयी आपल्याला जी हरकत वाटते ती कापडाला क्वचितच असते; ते कापड कोणत्या आडनावाच्या डोक्यावर आहे यावर ती बरीचशी ठरते.

कापड दिसण्याआधीच आडनाव काम करून जाते, याला पुरावा आहे. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले होते. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला आणि त्याहूनही मुस्लीम नावाला बोलावणे येण्याची शक्यता कमी निघाली. २०२२ मध्ये ‘लेड बाय फाउंडेशन’ने केवळ स्त्रियांच्या बाबतीत असाच प्रयोग केला. हजार जाहिरातींना सारख्याच गुणवत्तेचे दोन अर्ज गेले, एक प्रियांका शर्मा या नावाने आणि दुसरा हबीबा अली या नावाने. प्रियांकाला २०८ ठिकाणांहून होकारार्थी प्रतिसाद आला, हबीबाला १०३ ठिकाणांहून. म्हणजे स्कार्फ काढला की प्रश्न सुटेल, असा जो सल्ला सहज दिला जातो तो अर्धवट आहे. स्कार्फ काढता येतो, आडनाव काढून खुंटीला टांगता येत नाही.

असे झाल्यावर दाद मागायची कुठे? बहुतेकांची समजूत अशी असते की राज्यघटनेने धर्मावरून भेदभाव करायला मनाई केली आहे, म्हणजे काम भागले. पण घटनेचे सोळावे कलम सरकारी नोकरीपुरते आहे, आणि पंधराव्या कलमाचा मुख्य भाग राज्यसंस्थेला बांधतो. खासगी मालकाला धर्माच्या कारणावरून नोकरी नाकारण्यापासून थेट रोखणारा सर्वसाधारण कायदा भारतात नाही. ही उणीव विशेष खटकते ती यासाठी, की इतर बाबतींत आपण असे कायदे केले आहेत. अपंग व्यक्तींसाठी २०१६ चा, एचआयव्हीबाधितांसाठी २०१७ चा आणि पारलिंगी व्यक्तींसाठी २०१९ चा कायदा खासगी आस्थापनांनाही लागू होतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने, ठरावीक संख्येइतके किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या ठिकाणी, भरती, बदली, बढती आणि वेतन यांत स्त्री म्हणून भेदभाव करायला बंदी घातली आहे. तेव्हा सांगलीच्या गणपती पेठेतल्या मोठ्या दुकानाने ‘बाई आहे म्हणून नको’ असे म्हटले तर तो कायद्याचा भंग आहे. ‘मुसलमान आहे म्हणून नको’ असे म्हटले तर त्याच तोडीचे एकही कलम नाही. मुस्लीम समाजाच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाने समान संधी आयोगाची शिफारस केली होती, २००८ मध्ये माधव मेनन यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ गटाने त्याचा आराखडाही दिला. आयोग अस्तित्वात आला नाही. शशी थरूर यांनी मांडलेले भेदभावविरोधी खासगी विधेयकही मंजूर झाले नाही.

आता मालकाच्या बाजूने बोलू, कारण ती बाजू खोटी नाही. काही कामांत डोक्यावरच्या सैल कापडाचा प्रश्न खरा आहे. लेथवर किंवा ड्रिलिंग मशीनवर ओढणीचे टोक फिरत्या भागात गेले तर काय होते, हे वर्कशॉपमध्ये काम केलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. विट्याच्या यंत्रमागांवर आणि कुपवाडच्या लहान कारखान्यांत सैल साडीचा पदर, गळ्यातला रुमाल, हातातले कडे आणि वाढलेले केस हे सगळेच धोक्याचे असते. १९४८ च्या कारखाने कायद्यानेच चालत्या यंत्राजवळच्या ठरावीक कामांसाठी अंगाबरोबर घट्ट बसणारे कपडे सक्तीचे केले, आणि ते कपडे मालकाने पुरवावेत असेही सांगितले. या तरतुदीचा दुसरा भाग मला जास्त बोलका वाटतो. सुरक्षिततेची खरी काळजी असलेला मालक ‘हे काढा’ म्हणून थांबत नाही, तो बदल्यात काहीतरी पुढे करतो. डोक्याला घट्ट बसणारी, टोक न लोंबणारी टोपी किंवा कापड सहज मिळते, आणि ते वापरायला तयार असलेल्या मुलीला नाकारताना यंत्राचे नाव घेता येत नाही.

उलट काही कामे अशी आहेत की तिथे केस उघडे ठेवणे हाच नियमभंग आहे. तासगाव-सांगली परिसरात बेदाण्याची प्रतवारी आणि पॅकिंग करणाऱ्या युनिटांत बायका पट्ट्यासमोर ओळीने बसतात, आणि तिथे प्रत्येकीच्या डोक्यावर टोपी किंवा जाळी असावी लागते. अन्नसुरक्षेच्या नियमांतच केस झाकण्याची अट आहे. मालात एक केस सापडला तर निर्यातीचा सौदा मोडू शकतो. तिथे स्कार्फच्या वर जाळी चढवली की धर्म आणि अन्नसुरक्षा दोघांचेही भागते. शस्त्रक्रियागृहाचे तर सांगायलाच नको. डॉक्टर वान्लेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू केलेल्या मिशन इस्पितळापासून मिरज हे वैद्यकीय सेवेचे गाव आहे, आणि तिथल्या दवाखान्यांमध्ये पिढ्यान् पिढ्या परिचारिका डोक्यावर टोपी चढवून कामाला उभ्या राहिल्या. ती टोपीसुद्धा ख्रिस्ती जोगिणींच्या शिरोवस्त्रातून आलेली आहे, हे आपण विसरलो आहोत. २०२३ मध्ये तिरुवनंतपुरमच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या काही विद्यार्थिनींनी शस्त्रक्रियागृहात डोके आणि मान झाकणारे निर्जंतुक आवरण व लांब बाह्यांचा झगा वापरू द्यावा अशी मागणी केली होती. माझ्या मते त्या मागणीचे दोन भाग वेगळे करायला हवे होते. कोपरापर्यंत हात धुण्याची गरज असल्यामुळे लांब बाह्यांना जंतुसंसर्गाच्या दृष्टीने सबळ आक्षेप आहे. डोके झाकणाऱ्या निर्जंतुक आवरणाला तो लागू होत नाही. कामाच्या गरजेवरून निर्णय घ्यायचे ठरवले की असे तुकडे पाडून विचार करता येतो, धर्म विरुद्ध शिस्त असा एकच मोठा सामना लावावा लागत नाही.

कामाच्या गरजेचे कारण टिकत नसेल तेव्हा पुढे येते ते तटस्थतेचे कारण: आमच्या ऑफिसात कुणाचेच धार्मिक चिन्ह नको. हा युक्तिवाद युरोपातून आला आहे आणि तिथे त्याला न्यायालयाची मर्यादित मान्यताही आहे. बेल्जियममधल्या एका स्वागतिकेच्या प्रकरणात युरोपीय संघाच्या न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये असे म्हटले, की राजकीय, तात्त्विक आणि धार्मिक अशी सगळीच दृश्य चिन्हे सर्वांना सारखीच मना करणारा नियम हा थेट भेदभाव ठरत नाही. पुढे २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने मालकावर ओझे टाकले, की अशा तटस्थतेची आपल्याला खरी गरज आहे हे त्याने दाखवावे, आणि फक्त मोठी, ठळक चिन्हे मना करणारा नियम थेट भेदभाव ठरू शकतो.

ही तटस्थता आपल्याकडे आणायची म्हटली तर तिची सुरुवात कुठून करायची? खंडेनवमीला कुपवाडच्या आणि साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत फेरफटका मारावा. लेथला झेंडूचा हार असतो, टूलबॉक्सवर हळदकुंकू वाहिलेले असते, पेढे वाटले जातात, आणि शिकलगार आडनावाचा टर्नरसुद्धा आपले मशीन पुसून, त्याला फुले वाहून मग सुट्टीवर जातो. मला त्यात काहीही गैर वाटत नाही. वर्षानुवर्षांच्या सहवासाने रुळलेली ती चांगली रीत आहे. त्याच कचेरीत मालकाच्या खुर्चीमागे गणपतीची तसबीर असते, हिशेबनीसाच्या गळ्यात तुळशीची माळ असते, एखाद्या लिंगायत सहकाऱ्याच्या कपाळावर विभूती असते, मंगळसूत्र आणि कुंकू तर असतेच, आणि ज्ञानेश्वर महाराजांची पालखी लोणंद-फलटणला आली की निम्मा स्टाफ दर्शनाला जातो. हळदीच्या सौद्यात पांढरी टोपी घातलेल्या अडत्याला कुणी ती उतरवायला सांगत नाही. अशा कचेरीने एकट्या स्कार्फपुरते ‘आम्ही तटस्थ आहोत’ म्हणावे, यात तर्क नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये हिजाब, टोपी यांना मनाई करणाऱ्या, चेंबूरच्या एका महाविद्यालयाच्या परिपत्रकाला अंशतः स्थगिती देताना सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाने याच अर्थाची विचारणा केली होती, की टिळा आणि टिकलीलाही बंदी घालणार का? त्याच आदेशात वर्गात बुरखा घालण्याची मुभा मात्र न्यायालयाने दिली नाही. हे दोन्ही भाग एकत्र वाचले पाहिजेत. सोयीचा तेवढा उचलण्याची खोड दोन्ही बाजूंना आहे.

तटस्थतेहून प्रामाणिक कारण म्हणजे गिऱ्हाईक. ‘आम्हांला काही नाही हो, पण गिऱ्हाईकांना चालत नाही’ हे वाक्य आपल्या बाजारपेठेत इतके सर्रास वापरले जाते, की त्यातला अन्याय कानाला जाणवेनासा झाला आहे. २००९ मध्ये मिरजेत गणेशोत्सवात आणि सप्टेंबर २०२३ मध्ये खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत ज्या दंगली झाल्या, त्यानंतर दुकानदारांच्या मनात ‘उगीच वाद नको’ ही भावना अधिक घट्ट झाली असेल तर ती समजण्यासारखी आहे. लहान दुकानदार धंदा करतो, समाजसुधारणा करायला बसलेला नाही. तरीही हे कारण मान्य करता येत नाही, आणि ते का करता येत नाही हे आपल्याला परक्या न्यायालयाकडून शिकण्याची गरज नाही. फ्रान्समधल्या एका अभियंता स्त्रीच्या प्रकरणात, ग्राहकाला स्कार्फ नको आहे ही कामाची खरी व निर्णायक गरज मानता येत नाही, असे युरोपीय न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. पण त्याच्या सुमारे शतकभर आधी शेजारच्या कोल्हापुरात हा प्रश्न येऊन गेला होता. गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले, आणि दलिताच्या हातचा चहा प्यायला कुणी येईना, तेव्हा राजर्षी शाहू महाराज स्वतः तिथे जाऊन चहा पिऊ लागले आणि बरोबरच्यांनाही पाजू लागले. गिऱ्हाईकाची नाराजी ही दगडावरची रेघ नसते हे त्यांनी ओळखले होते. स्वतंत्र भारताने पुढे घटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने आणि उपाहारगृहे सर्वांना खुली केली, तेव्हाही ‘बाकीचे गिऱ्हाईक तुटेल’ ही तक्रार झालीच असणार. कायद्याने ती ऐकून घेतली नाही. गिऱ्हाईकाचा पूर्वग्रह मालकाच्या तोंडून बोलला म्हणून त्याचा पूर्वग्रहपणा जात नाही.

या सर्व चर्चेत आपल्या न्यायालयांनी एक अडथळा उभा करून ठेवला आहे, तो ‘अत्यावश्यक धार्मिक प्रथे’च्या कसोटीचा: प्रथा त्या धर्माला अत्यावश्यक असेल, तरच तिला घटनेचे संरक्षण. १९५४ च्या शिरूर मठ खटल्यापासून रुळलेल्या या कसोटीनुसार न्यायाधीशांना धर्मग्रंथ उघडून बसावे लागते. मार्च २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने हिजाब ही इस्लामची अत्यावश्यक प्रथा नसल्याचे ठरवले. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले, आणि त्यांतले न्यायमूर्ती धुलिया यांच्या मते या कसोटीची तिथे गरजच नव्हती. ते प्रकरण शाळा-महाविद्यालयातल्या गणवेशाचे होते. नोकरीच्या बाबतीत तर ही कसोटी आणखीनच गैरलागू आहे. गळ्यात तुळशीमाळ नसलेला माणूसही हिंदू राहतो, म्हणून माळकऱ्याला माळ काढायला सांगणे न्याय्य होत नाही. १९८६ च्या बिजो इमॅन्युएल खटल्यात राष्ट्रगीत न म्हणणाऱ्या तीन मुलांना शाळेत परत घेण्याचा आदेश देताना सर्वोच्च न्यायालयाने पाहिले होते ते एवढेच, की त्यांची श्रद्धा मनापासूनची आहे की नाही. नोकरीसाठी हा मार्ग अधिक शहाणपणाचा आहे. श्रद्धा प्रामाणिक असेल आणि कामाला बाधा येत नसेल, तर विषय संपतो.

अमेरिकेचे २०१५ चे ॲबरक्रॉम्बी अँड फिच प्रकरण इथे उपयोगी पडते, कारण ते आपल्या ‘कळवतो’ या उत्तराच्या फार जवळचे आहे. ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात १७ वर्षांची एक मुलगी कपड्यांच्या दुकानात मुलाखतीला गेली. मुलाखत घेणारीने तिला चांगले गुण दिले. वरिष्ठाने डोक्यावरचा स्कार्फ दुकानाच्या ‘रूपाच्या धोरणा’त बसत नाही म्हणून तिला नाकारायला लावले. कंपनीचा बचाव असा होता, की मुलीने आपल्याला धार्मिक सवलत हवी आहे असे सांगितलेच नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने हा बचाव फेटाळला, कारण सवलत द्यावी लागू नये हाच नाकारण्यामागचा हेतू असेल, तर तिने मागितली की नाही याला अर्थ उरत नाही. हे घडू शकले ते १९६४ चा नागरी हक्क कायदा खासगी मालकालाही लागू होता म्हणून, आणि मुलाखतीची गुणपत्रिका कागदावर होती म्हणून.

प्रत्येक तक्रार खरी मानावी असे मी म्हणत नाही. चेहरा पूर्ण झाकणारा नकाब आणि डोक्यावरचा स्कार्फ यांत फरक आहे. बँकेच्या काउंटरवर, लहान मुलांना उच्चार शिकवणाऱ्या वर्गात, ओळख पटवावी लागते अशा जागी चेहरा दिसण्याची अट रास्त आहे. सैन्यदलांचे शिस्तीचे नियम वेगळे असतात, आणि २०१६ मध्ये हवाई दलातल्या कर्मचाऱ्याची दाढीसंबंधीची याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली ती त्याच चौकटीत. कामात कुचराई करणाऱ्याने धर्माची ढाल पुढे केली, असेही घडू शकते. म्हणूनच कारण लेखी हवे. प्रामाणिक मालकाचे संरक्षण त्यातच आहे, कारण ‘मशीन क्रमांक चारवर सैल कापड चालत नाही, पर्यायी टोपी देऊ केली होती, उमेदवाराने नाकारली’ असा कागद फाइलला असेल, तर खोटा आरोप दोन दिवसही टिकणार नाही.

पुरोगामी मंडळींचा एक आक्षेप मात्र मला अस्वस्थ करतो, कारण त्यांचे हेतू माझ्याहून वेगळे नाहीत. ते म्हणतात, स्कार्फ हे स्त्रीवरच्या बंधनाचे चिन्ह आहे, त्याला कामाच्या ठिकाणी मान्यता दिली तर सुधारणेचे काटे उलटे फिरतील. बंधन आहे, हे मीही मानतो. निदान पुष्कळ घरांत ते आहे. पण ते सैल कशाने होते? स्वतःच्या नावावरचे बँकेचे खाते, महिन्याच्या पगारातून भरलेली धाकट्या भावाची फी, शिफ्ट संपल्यावर मैत्रिणींबरोबर घेतलेला चहा, यांनी ते सैल होते. फुल्यांपासून कर्मवीरांपर्यंत सर्वांनी आधी मुलांना दारातून आत घेतले, मग बाकीचे पाहिले. साताऱ्याच्या बोर्डिंगात कर्मवीर भाऊराव पाटलांनी सगळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहायला, एकत्र जेवायला ठेवली, ती घरचे संस्कार सोडून या अशी अट घालून नव्हे. स्कार्फ काढला तरच नोकरी, ही अट बहुतेक वेळा मुलीला स्कार्फमधून सोडवत नाही, नोकरीतून सोडवते, आणि ज्या घरात तिच्यावर बंधन आहे त्याच घरात परत पाठवते.

मग करायचे काय? केंद्राचा भेदभावविरोधी कायदा येईल तेव्हा येईल. दुकाने व आस्थापना कायद्यात स्त्रीसंबंधीच्या तरतुदीशेजारी ‘धर्म’ आणि ‘जात’ हे दोन शब्द घालणे राज्य विधिमंडळाला अवघड नाही. त्याआधीही औद्योगिक वसाहतींच्या संघटना आणि व्यापारी मंडळे आपापल्या सभासदांना सांगू शकतात, की पोशाखाचा नियम लेखी असावा, तो जाहिरातीबरोबरच कळवावा, प्रत्येक अटीपुढे कामाशी संबंधित कारण लिहावे, आणि ती अट टिळा, माळ, पगडी, पदर, स्कार्फ या सर्वांना एकाच मापाने लागू करावी. शिखांच्या पगडीसाठी मोटार वाहन कायद्यात हेल्मेटची सूट आहे, म्हणजे सवलत ही कल्पना आपल्या कायद्याला परकी नाही. हेच माप मुस्लीम व्यवस्थापनाच्या शाळांना, दवाखान्यांना आणि दुकानांनाही लावावे लागेल. तिथे डोके झाकले तरच काम मिळेल, असे एखाद्या शिक्षिकेला सांगितले जात असेल, मग ती हिंदू असो वा स्कार्फ न बांधणारी मुस्लीम, तर त्या व्यवस्थापनालाही विचारायचे ते हेच: गणित शिकवायला पदर डोक्यावर का लागतो, ते लिहून द्या.